सुटलेला ब्रॅकेट आणि मुलांवरचा आळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या मुलीच्या दातावरचा ब्रॅकेट निघाला. पाच महिन्यांतला हा चौथा. दातांना तारा बसवल्या की असे एखाददुसऱ्या वेळी होते हे ऐकून होतो, पण चौथ्या वेळी मलाही राग आला. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय खाल्लंस गं?" मुलगी म्हणाली, "काही नाही." मग यादी सुरू झाली. शेंगदाणे? चिक्की? मक्याचं कणीस? पेरू? प्रत्येकाला ती मान हलवत राहिली. बाई माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "सगळी मुलं असंच म्हणतात." मीही हसलो. पुन्हा चिकटवण्याचे पैसे भरले आणि परतताना रिक्षात तिला चांगलेच झापले. ती रडवेली होऊन एवढेच म्हणाली, "अब्बू, खरंच काही खाल्लं नव्हतं. दात घासताना हातात आला."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. चौदा वर्षांची मुलगी खोटे बोलू शकते, दवाखान्यातले यंत्र चुकू शकत नाही, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, एका दंतवैद्य मित्राला भंडावून सोडले, आणि माझे मत बदलले. ब्रॅकेट सुटला की आधी मुलाच्या खाण्याची चौकशी होते. ती चौकशी आधी त्या निळ्या दिव्याची व्हायला हवी, असे आता माझे स्पष्ट मत आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. पूर्वी दात सरळ करायचे तर प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी अंगठीसारखी बसवावी लागे. दातावर थेट काही चिकटवण्याची सोय नव्हती, कारण तोंड कायम ओले आणि दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, गुळगुळीत. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याने एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. तसेच आम्ल त्याने इनॅमलवर लावून पाहिले. इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडल्या आणि रेझीन त्यात शिरून घट्ट धरून राहिले. १९६० च्या दशकात जॉर्ज न्यूमन यांनी याच मार्गाने दातांवर थेट ब्रॅकेट चिकटवून दाखवले. त्याच सुमारास राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचे रेझीन तयार केले. आजच्या बहुतेक चिकटद्रव्यांचा पाया तेच आहे.

सुरुवातीला दोन लगदे एकत्र कालवून ते लावत. कालवले की घड्याळ सुरू. ब्रॅकेट वाकडा बसला तरी दुरुस्त करायला वेळ पुरत नसे. मग प्रकाशाने घट्ट होणारी रेझीन आली. ब्रॅकेट प्रकाशाने चिकटवता येतात हे तावास आणि वॉट्स या ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. आता डॉक्टर ब्रॅकेट निवांत जागेवर सरकवतो, बाजूला आलेले जास्तीचे रेझीन काढून टाकतो आणि मनासारखे झाले की निळा दिवा लावतो. काही सेकंदांत ब्रॅकेट जागेवर पक्का. निदान आपल्याला तसे वाटते.

खरी मेख इथे आहे. रेझीन ओल्या कपड्यासारखे 'वाळत' नाही. त्यात छोटे छोटे रेणू सुटे असतात. प्रकाश पडला की ते एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळ्या आणि जाळ्या बनवतात. ही सुरुवात करून देणारा घटक बहुधा कॅम्फरक्विनोन असतो. हा पिवळ्या रंगाचा पदार्थ निळा प्रकाश शोषतो, सर्वांत जास्त सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा. म्हणून दिवा निळा. काही रेझीनमध्ये दुसरे घटक असतात आणि त्यांना जांभळ्याकडे झुकणारा प्रकाश लागतो. म्हणजे कुठलाही निळा दिवा कुठल्याही रेझीनला चालेल असे नाही. दोघांची जोडी जुळावी लागते.

या साखळ्या पूर्ण, शंभर टक्के, कधीच जुळत नाहीत. दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा रेझीनमध्ये साधारण ५० ते ७५ टक्के बंध जुळतात, बाकीचे तसेच राहतात. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांच्या साहाय्याने हे मोजता येते. दवाखान्यात मात्र डॉक्टरकडे दोनच साधने असतात, डोळे आणि हातातली अणकुचीदार सळई. गंमत अशी की कमी प्रकाश मिळालेले रेझीनही वरून कडक लागते. सळईने टोचले तर टक् असा आवाज येतो. दात हलवून पाहिला तर ब्रॅकेट हलत नाही. मुलगी खुर्चीवरून उतरते, आरशात पाहून लाजते, बाप पैसे भरतो. आत किती बंध जुळले आणि किती सुटे राहिले, हे त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नसते.

माझे अब्बा मिस्त्री होते. आयुष्यभर सेंट्रिंग, स्लॅब आणि प्लास्टर हेच त्यांचे काम. स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी त्यावर माणूस चालू शकतो. घरमालक खूश होतो आणि विचारतो, "मिस्त्री, फळ्या कधी काढताय?" अब्बा नाही म्हणायचे. स्लॅबवर मातीची आळी करून त्यात दिवसेंदिवस पाणी भरून ठेवायचे. काँक्रीटची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी, पाय टेकला म्हणून नाही, हे त्यांना शाळेत न जाता कळले होते. बांधकामावर या पाणी मारण्याला 'क्युरिंग'च म्हणतात आणि दंतवैद्य रेझीनवर निळा प्रकाश टाकतात त्यालाही 'क्युरिंग'च म्हणतात. एका ठिकाणी पाणी लागते, दुसऱ्या ठिकाणी प्रकाश. पण धडा तोच आहे. हाताला कडक लागणे वेगळे आणि पक्के होणे वेगळे.

ब्रॅकेटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दातातली पोकळी भरताना प्रकाश थेट रेझीनवर पडतो. धातूचा ब्रॅकेट मात्र रेझीनवर छत्रीसारखा बसलेला असतो आणि धातूतून प्रकाश जात नाही. प्रकाश पोहोचतो तो कडांवरून आणि दाताच्या आतून परावर्तित होऊन. म्हणून दिव्याचे टोक कुठे धरले, किती जवळ, कोणत्या कोनात आणि दोन्ही बाजूंनी धरले की एकाच, याला फार महत्त्व आहे. मागच्या दातांपाशी गाल आडवा येतो, टोक तिरपे होते. मुलगा खोकतो, मदतनीस भलतीकडे पाहते, कारण त्या प्रकाशाकडे डोळे लावून पाहणे धोक्याचे असते. त्यासाठी नारिंगी काच लागते आणि ती नेमकी जागेवर नसते. टोक दातापासून थोडे दूर गेले तरी पोहोचणारा प्रकाश घटतो.

आणि दिवा? जुन्या हॅलोजन दिव्यांचे बल्ब वापरता वापरता मंदावत. आताचे एलईडी दिवे टिकाऊ आहेत, पण त्यांचीही बॅटरी थकते, टोकाची काच चरते. सर्वांत साधी गोष्ट म्हणजे टोकावर रेझीनचा थेंब चिकटून घट्ट होतो आणि प्रकाशाला आडवा येतो. दिवा तरीही निळाच दिसतो. इथेच आपण फसतो. मंद झालेला बल्ब घरात ओळखू येतो, कारण वाचताना अक्षरे दिसेनाशी होतात. झगझगीत निळा प्रकाश निम्म्यावर आला तरी डोळ्यांना झगझगीतच वाटतो.

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. दिव्याची तीव्रता गुणिले सेकंद म्हणजे रेझीनला मिळालेली ऊर्जा. चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट देणारा दिवा १० सेकंद धरला तर १० ज्यूल मिळतात. तोच दिवा मंदावून ४०० वर आला तर तेवढ्याच सेकंदांत फक्त ४ ज्यूल. दिव्याची शिट्टी मात्र दोन्ही वेळा दहाव्या सेकंदालाच वाजते. त्यात घाईची भर. वीस दात, प्रत्येकाला २० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आत काम होते. प्रत्येकाला ५ सेकंदच दिले तर पावणेदोन मिनिटांच्या आत आटोपते. बाहेर बाकावर सहा जण बसलेले असताना वाचलेली ही पाच मिनिटे कुणालाही मोहात पाडतील. काही तीव्र दिव्यांना कमी वेळ पुरतो हे खरे, पण ते उत्पादकाच्या सूचनेत लिहिलेले असते. बाकावरची गर्दी पाहून ते ठरत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर हा लेख म्हणजे डॉक्टरांवर काढलेला राग ठरेल. ब्रॅकेट सुटण्याचे एकमेव कारण दिवा नाही. आम्ल लावून धुतल्यावर दात नीट कोरडा झाला नाही, लाळेचा एक ओघळ आला, की दिवा कितीही चांगला असो, पकड कच्ची राहते. रेझीन फ्रीजमधून काढून थंडगार असतानाच वापरले तरी बंध कमी जुळतात. वरचा दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असेल तर तो टिकत नाही. आणि मुले चिक्की खातात, खाऊन नाही म्हणतात, हेही खरे आहे. माझ्या थोरल्याने एकदा ऊस सोलून खाल्ला होता आणि ब्रॅकेटसकट थुंकला होता. त्याच्या बाबतीत दिव्याची चौकशी करण्याची गरज मला आजही वाटत नाही.

रेझीन जितके मजबूत तितके बरे, असेही नाही. उपचार संपला की हे ब्रॅकेट काढायचे असतात आणि काढताना इनॅमलचा तुकडा निघता कामा नये. १९७५ साली रेनॉल्ड्स यांनी सुमारे ६ ते ८ मेगापास्कल एवढी पकड दवाखान्यातल्या कामाला पुरेशी असल्याचे मांडले आणि तो आकडा आजही सांगितला जातो. म्हणजे दोन वर्षे तारेचा ताण आणि चावण्याचा दाब सोसायचा आणि शेवटच्या दिवशी दाताला न दुखावता सोडून द्यायचे, असे हे दुहेरी काम. निरनिराळ्या चिकटद्रव्यांची तुलना करणाऱ्या कोक्रेन आढाव्यालाही अमुक एक प्रकार सर्वांत चांगला असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणूनच मला वाटते की महागड्या रेझीनच्या नावापेक्षा ते वापरताना घेतलेली काळजी महत्त्वाची आहे. आणि त्या काळजीतला एक भाग असा आहे की तो यंत्राने मोजता येतो, तरी मोजला जात नाही.

त्या यंत्राला रेडिओमीटर म्हणतात. तळहातावर मावणारे, दिव्याचे टोक वर टेकवायचे आणि आकडा वाचायचा. हातातले हे यंत्र अगदी अचूक असते असे नाही, दोन वेगळ्या यंत्रांवर एकाच दिव्याचे आकडे वेगळे येऊ शकतात. पण एकाच यंत्रावर एकाच दिव्याचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवला तर तो घसरतो आहे का, हे नक्की कळते. एवढेच तर हवे आहे. दोन मिनिटांचे काम.

आपल्याकडे भाजीवाल्याचा तराजू वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. रिक्षाच्या मीटरची तपासणी होते. पाव किलो टोमॅटोत पन्नास ग्रॅम कमी आले तर आपण भांडतो. मग ज्या दिव्यावर दोन वर्षांचा उपचार, आणि मध्यमवर्गीय घरात हप्ते पाडून भरलेली रक्कम अवलंबून आहे, त्याचा आकडा विचारायला आपल्याला संकोच का वाटावा? डॉक्टरांचा अपमान होईल म्हणून? तराजूवरचा शिक्का हा भाजीवाल्याचा अपमान नसतो. प्रामाणिक दुकानदाराला तो ढालीसारखा उपयोगी पडतो. नोंदवही ठेवणारा डॉक्टरही उद्या ठामपणे म्हणू शकेल की माझा दिवा ठीक आहे, आता खाण्याचे बघू.

काही डॉक्टर म्हणतील की ब्रॅकेट पुन्हा चिकटवता येतो, त्यात एवढे काय? एवढे असे की, प्रत्येक वेळी दातावरचे जुने रेझीन घासून काढावे लागते, पुन्हा आम्ल लावावे लागते. दोन भेटींमधल्या काळात तो दात तारेच्या ताब्यातून सुटतो आणि मागे सरकू शकतो. मग आधीची बारीक तार पुन्हा घालावी लागते, उपचार लांबतो. मुलीची अर्धी शाळा बुडते, बापाची अर्धी रजा जाते. मोबाइलवरचे काही लेख वेगळीच भीती घालतात, की न जुळलेले रेणू लाळेत उतरतात. ते अत्यल्प प्रमाणात उतरतात हे खरे आहे. त्याने घाबरून तारा काढून टाकण्याचे कारण नाही. पण बाजूला आलेले रेझीन नीट पुसणे, काम झाल्यावर चूळ भरायला लावणे आणि पुरेसा प्रकाश देणे, ही साधी काळजी घेतली तर तेही कमी होते. म्हणजे फिरून आपण त्याच दिव्यापाशी येतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दवाखान्यात दिवा ठरावीक दिवशी तपासावा आणि आकडा तारखेसह लिहावा. टोक रोज पुसावे. सेकंद उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे मोजावेत. कुणाचा कितवा ब्रॅकेट सुटला याची नोंद रुग्णाच्या कागदावर असते, पण महिन्याला दवाखान्यातले एकूण किती सुटले हे कुणी बेरीज करून पाहत नाही. ती बेरीज करावी. एकाच मुलाचे सुटत असतील तर त्याच्या खाण्याबद्दल विचारा. अनेक मुलांचे एकाच महिन्यात सुटू लागले तर सगळ्यांनी एकदम चिक्की खायला सुरुवात केली असे समजू नका. आणि पहिल्या काही आठवड्यांत निघालेला ब्रॅकेट पुन्हा लावण्याचे पैसे घेऊ नका, कारण तेव्हा चूक कुणाची हे ठरलेले नसते.

शेवटी काय झाले ते सांगतो. चौथ्या ब्रॅकेटनंतर पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना शक्य तितक्या नम्रपणे विचारले, "हा दिवा कधी तपासता का?" ते थोडे चमकले, मग प्रामाणिकपणे म्हणाले, "घेतल्यापासून नाही." माणूस चांगला. पुढच्या महिन्यात त्यांनी माल पुरवणाऱ्याकडून रेडिओमीटर मागवला. मी समोरच होतो. पहिला आकडा दिव्याच्या डब्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. टोकावर रेझीनचा घट्ट झालेला थर होता. तो काढल्यावर आकडा बराच चढला, पण डब्यावरच्या आकड्यापर्यंत काही गेला नाही. डॉक्टरांनी नवा दिवा घेतला. तेव्हापासून आजवर मुलीचा एकही ब्रॅकेट सुटलेला नाही.

यावरून चारही ब्रॅकेट दिव्यामुळेच सुटले असे सिद्ध होत नाही. एक मुलगी आणि चार दात यांवरून विज्ञान काही ठरवत नाही, मीही ठरवणार नाही. पण ती खोटे बोलत होती, हे तर त्याहूनही कमी पुराव्यावर मी ठरवले होते. मदतनीस बाईंचे एक हसू मला पुरले होते.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मी तिची माफी मागितली. ती खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या घरी कुणाच्या दातांना तारा असतील आणि ब्रॅकेट हातात घेऊन पोर तुमच्यासमोर उभे राहिले, तर काय खाल्लंस हे जरूर विचारा. पण त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायची तयारी असेल तरच विचारा. आणि दवाखान्यात गेल्यावर दिव्याचा आकडाही विचारा.